गोठणगावचे तिबेटी आणि कराचीचे मामू

यंदाच्या महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेला गेलो होतो. आमच्या भागातले लोक ही यात्रा जाणतात. इकडे महादेव, तिकडे ख्वाजा उस्मान गनी हारुनी बाबांचा दर्गा, आणि दोन्हीकडे तीच गर्दी. लहानपणी अम्मी आम्हाला घेऊन यायची. येताना नवेगावबांधच्या रस्त्याला पळस फुललेला असायचा, आणि परतताना गोठणगावजवळ रस्त्याच्या कडेला रंगीत पताका दिसायच्या. अम्मी म्हणायची, "ते लामांचं गाव." लामा म्हणजे काय हे तिलाही नीट ठाऊक नव्हतं. हिवाळ्यात गावोगाव स्वेटर विकायला बसतात ते लोक, एवढंच आम्हाला माहीत.

या वेळी मी त्या वसाहतीत उतरलो. नॉरग्येलिंग तिचं नाव. एका म्हाताऱ्या गृहस्थांशी बोलणं झालं. मी तुटक्या हिंदीत सुरुवात केली तर ते आमच्या झाडीपट्टीच्या हेलातल्या मराठीत बोलू लागले. "कुठचे?" मी म्हटलं, भंडाऱ्याचा. तर हसून म्हणाले, "मग आम्हीपण भंडाऱ्याचेच." खरंच आहे ते. ही वसाहत १९७२ मध्ये वसली तेव्हा हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला. सरकारी कागदावर गोठणगाव आता अर्जुनी मोरगाव तालुका, जिल्हा गोंदिया. पण धर्मशाळेपासून कर्नाटकपर्यंत पसरलेले तिबेटी लोक या वसाहतीला अजूनही 'भंडारा' म्हणतात. ज्यांचा देशच नकाशावरून गेला त्यांनी आमच्या जिल्ह्याची जुनी हद्द मात्र जपून ठेवली आहे.

निघताना त्यांनी विचारलं, "तुमचं कोणी तिकडे आहे का?" तिकडे म्हणजे पाकिस्तानात. मुसलमान माणसाला हा प्रश्न अनेकांनी अनेकदा विचारलेला असतो आणि तो कशासाठी विचारला जातो हे आपल्याला ठाऊक असतं. पण यांच्या विचारण्यात तसं काही नव्हतं. ज्याचं स्वतःचं कोणी तिकडे राहिलं आहे तो माणूस विचारतो तसं विचारलं. मी म्हटलं, "मामू होते. कराचीला."

त्या दिवसापासून हे दोन 'तिकडे' डोक्यात एकत्र फिरताहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि रशिया यांनी जगाची वाटणी करून घेतली हे आपण शाळेत शिकलो. बर्लिनची भिंत, लोखंडी पडदा, शीतयुद्ध. जणू ते सगळं युरोपात घडलं आणि आम्ही इथे धान लावत बसलो होतो. वस्तुस्थिती उलटी आहे. युरोपात त्या चाळीस वर्षांत दोन्ही फौजा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. गोळ्या झाडल्या गेल्या त्या आशियात. कोरिया, व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, अफगाणिस्तान. आणि ज्या रेघा तेव्हा ओढल्या गेल्या, किंवा आधी ओढलेल्या होत्या त्यांच्यावर ज्या भिंती चढवल्या गेल्या, त्यातली एक माझ्या अम्मीच्या माहेरातून गेली.

१९५४ चा उन्हाळा घ्या. आमच्या भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक होती आणि उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दोन जागांचा मतदारसंघ होता. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी पडले. या जिल्ह्याने बाबासाहेबांना पाडलं ही गोष्ट आमचे जुने लोक अजून मान खाली घालून सांगतात. त्या प्रचारात बाबासाहेब नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर बोलले होते. भंडाऱ्याच्या शेतकऱ्यासमोर परराष्ट्र धोरण! पण त्याच दिवसांत काय चाललं होतं ते पाहा. २९ एप्रिलला भारताने चीनशी तिबेटबाबत करार केला, ज्यात पंचशील आलं आणि ज्यात तिबेटला 'चीनचा तिबेट प्रदेश' म्हटलं गेलं. ७ मे ला दिएन बिएन फू पडलं. १९ मे ला अमेरिका आणि पाकिस्तान यांनी लष्करी मदतीचा करार केला. जुलैत जिनिव्हात व्हिएतनामचे सतराव्या अक्षांशावर दोन भाग झाले. कोरियाचे आधीच झाले होते. आशियाचा नकाशा त्या तीन महिन्यांत असा कापला जात होता.

त्याच ऑगस्टमध्ये, २६ तारखेला, बाबासाहेब राज्यसभेत या विषयावर बोलले. त्यांचा मुद्दा असा होता की शांतता विकत घेण्यासाठी देशांचे तुकडे करून देण्याची रीत पडली आहे आणि आपण तिला मान डोलावतो आहोत. ल्हासा चीनच्या हाती जाऊ दिल्याने चीनची सीमा आपल्या दाराशी आली, हेही ते बोलले. आठ वर्षांनी ते खरं ठरलं. आज हे भाषण अनेक जण दाखवतात, नेहरूंना झोडपण्यासाठी. पण तेच लोक दुसरा भाग मोठ्याने वाचतात आणि तो मी टाळून पुढे जाणार नाही. पाकिस्तान आणि इतर मुस्लिम देश मिळून भारताला वेढा पडतो आहे, सुएझ हाती आल्यावर इजिप्तही त्या गटात जाईल, असंही बाबासाहेबांनी त्यात म्हटलं होतं. मला ते वाचताना टोचतं. आणि झालं काय? इजिप्त त्या गटात गेला नाही. १९५५ चा बगदाद करार इराक, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान आणि ब्रिटनने केला तेव्हा त्याला सर्वात मोठा विरोध नासरने केला, आणि पुढे नासर, नेहरू आणि टिटो ही नावं एका दमात घेतली जाऊ लागली. मुस्लिम देशांचा एकसंध गट कधी झालाच नाही, कारण ते देश धर्माने नव्हे, वॉशिंग्टन की मॉस्को या प्रश्नाने विभागले गेले होते. बाबासाहेबांचा मोठेपणा मान्य करूनही एवढं म्हणायला हरकत नसावी.

आता आमच्या जिल्ह्याचं बघू. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. इंग्रजांच्या काळापासून. मँगनीजशिवाय पोलाद होत नाही. १९४९ च्या सुमारास रशियाने अमेरिकेला मँगनीज देणं आवळलं तेव्हा अमेरिकेची नजर भारताकडे वळली. १९५१ मध्ये भारतात धान्याची टंचाई होती, आपण अमेरिकेकडे गहू मागितला, आणि तिथल्या काँग्रेसमध्ये चर्चा झाली ती मानवतेची कमी आणि गव्हाच्या बदल्यात भारताकडून मँगनीजसारखी युद्धोपयोगी खनिजं मिळतील का याची जास्त. शेवटी १९ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं. पुढे १९६५-६६ च्या दुष्काळात जॉन्सनसाहेब गव्हाची जहाजं एकेक महिना मोजून सोडत होते; व्हिएतनामवर आपण बोललेलं त्यांना रुचलं नव्हतं. रेशनच्या दुकानातला तो लाल मिलो ज्यांनी खाल्ला आहे त्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. खाणीत उतरणारा मजूर आणि रेशनच्या रांगेतली बाई, दोघंही त्या हिशेबात होती. फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

१९६२ च्या युद्धानंतर भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आली. घराघरात त्या नोकरीचं कौतुक झालं आणि ते खोटं नव्हतं. पक्की नोकरी, क्वार्टर, शाळा. पण तिथे दारूगोळ्याचं काम चालतं. २४ जानेवारी २०२५ ला तिथे स्फोट होऊन आठ कामगार गेले. हिमालयात पडलेल्या ठिणगीची किंमत जवाहरनगरला आजही मोजली जाते.

मामूंकडे वळतो.

नानीचं घर पवनीचं. मामू थोरले. १९५० मध्ये कामासाठी कराचीला गेले. लोक म्हणतात 'पाकिस्तानात गेले', जणू सगळे झेंडा घेऊन गेले. मामू एका ओळखीच्या माणसाने गिरणीत काम लावून देतो म्हटलं म्हणून गेले, खोखरापारच्या वाटेने. तेव्हा जाणं येणं अवघड होतं, पण अशक्य नव्हतं. १९४८ पासून परमिट लागत होतं, ऑक्टोबर १९५२ पासून पासपोर्ट आणि व्हिसा. तरी मामू १९६३ मध्ये आले होते. कराचीहून मुंबईला आगबोट यायची. तिने मुंबई, तिथून रेल्वेने भंडारा रोड. अम्मीसाठी गुलाबी ओढणी आणली होती आणि आमच्या अब्बांसाठी पेन. महिनाभर राहिले. ती शेवटची भेट.

१९६५ मध्ये युद्ध झालं. आगबोट बंद झाली, मुनाबाव-खोखरापार रेल्वे बंद झाली. ती रेल्वे फेब्रुवारी २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली, म्हणजे चाळीस वर्षांनी, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये परत थांबली. ठाण्यातून एक माणूस येऊन नानीला विचारून गेला की मुलगा काय लिहितो, पत्र दाखवा. पत्रात काय असणार? तब्येत, पोरांची नावं, पावसाची चौकशी. पण नानी घाबरली आणि तिने पत्रं चुलीत टाकली. त्यानंतर पत्रं आखातात कामाला असलेल्या एका भाच्याच्या हातून यायची, वर्षाला एखादं. १९८४ मध्ये मामू गेले. खबर अम्मीला महिन्याभराने मिळाली. तिने त्या दिवशी स्वयंपाक केला, आम्हाला वाढलं, आणि मग कोठीत जाऊन बसली.

फाळणी अमेरिकेने किंवा रशियाने केली असं मी म्हणत नाही. ती आपल्या पुढाऱ्यांनी आणि इंग्रजांनी केली, आणि कापाकापी आपल्या माणसांनी केली. ते पाप दुसऱ्याच्या माथी मारता येणार नाही. पण फाळणीनंतर सात-आठ वर्षं दोन्ही देशांत एक आशा होती की हे हळूहळू निवळेल. त्या आशेवर शीतयुद्धाने माती टाकली. पाकिस्तानने सिएटो आणि बगदाद करारात शिरून शस्त्रं घेतली. अमेरिकेला हवा होता रशियावर नजर ठेवायला पेशावरचा तळ. १९६० मध्ये रशियाने पाडलेलं ते यू-टू विमान पेशावरहूनच उडालं होतं. आयसेनहॉवरने नेहरूंना सांगितलं होतं की ही शस्त्रं भारताविरुद्ध वापरू देणार नाही. १९६५ मध्ये खेमकरणच्या शेतात पॅटन रणगाडे आले ते अमेरिकेचेच, आणि ते फोडताना अब्दुल हमीद शहीद झाले. दुसरीकडे, डिसेंबर १९५५ मध्ये क्रुश्चेव्ह श्रीनगरला येऊन काश्मीर भारताचं म्हणून गेले आणि सुरक्षा परिषदेत रशियाचा व्हेटो आपल्या खिशात आला. दोन्ही सरकारांच्या पाठीशी एकेक पहिलवान उभा राहिला. मग तडजोड कोण करणार? मामूंसारख्या माणसांची ये-जा ही तडजोडीतली पहिली गोष्ट असते आणि भांडणातली पहिली बंद होणारी.

गोठणगावच्या त्या म्हाताऱ्यांची गोष्ट तर याहून विचित्र. १९५० मध्ये चिनी फौज तिबेटात शिरली, मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, ३१ मार्चला दलाई लामा भारताच्या हद्दीत आले आणि त्यांच्या मागे ऐंशी हजारांच्या आसपास माणसं आली. अमेरिकेच्या सीआयएने तिबेटी तरुणांना कोलोरॅडोच्या डोंगरात नेऊन बंदुका चालवायला शिकवलं, नेपाळच्या मुस्तांगमध्ये त्यांचा तळ उभारला. तिबेट स्वतंत्र व्हावा यासाठी? नाही, चीनला टोचत राहावं यासाठी. जुलै १९७१ मध्ये किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला गेले, फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सनने माओशी हात मिळवला, आणि मुस्तांगच्या बंदुकांची गरज संपली. १९७४ मध्ये दलाई लामांनी ध्वनिमुद्रित निरोप पाठवून त्या पोरांना शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं. मधल्या १९७१ च्या युद्धात भारताच्या तिबेटी तुकडीने चितगावच्या डोंगरात पाकिस्तानी फौजेशी झुंज दिली, आणि तेव्हा पाकिस्तानच्या बाजूने बंगालच्या उपसागरात आरमार पाठवणारी होती तीच अमेरिका. निक्सन पेकिंगला गेले त्याच वर्षी आमच्या जंगलात नॉरग्येलिंग वसलं. मी त्या गृहस्थांना हा योगायोग सांगितला. त्यांना तो माहीत होता. "आम्हाला तेव्हा मच्छर जास्त आठवतात," म्हणाले. "आणि उन्हाळा. आमची कितीतरी माणसं तो उन्हाळा सोसू शकली नाहीत."

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना कमी ठाऊक असेल. ल्हासात मुसलमानही होते. काश्मिरी व्यापाऱ्यांचे वंशज, तिबेटी बोलणारे, तिबेटी कपडे घालणारे. त्यांना तिबेटी लोक 'खाचे' म्हणतात. १९५९ नंतर त्यांनी आपलं मूळ काश्मीरचं असल्याचं सांगितलं, भारताने ते मान्य केलं आणि पुढच्या एक-दोन वर्षांत ते कालिंपोंगमार्गे येऊन बरेचसे श्रीनगरला ईदगाहजवळ राहिले. शेकडो वर्षं तिबेटात राहून ते काश्मिरी ठरले, आणि श्रीनगरात सहा दशकं राहून अजून 'तिबेटी' म्हणून ओळखले जातात. माणूस एकच, पण रेघ ओढणारे त्याला एका बाजूला ठेवतात आणि शेजारी दुसऱ्या बाजूला.

आपल्या समाजाचाही एक हिशेब इथे मांडावा लागेल. १९७९ मध्ये रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. ते आक्रमणच होतं आणि आपल्या सरकारने ते स्पष्टपणे म्हणायला हवं होतं. पण पुढे अमेरिकेने आणि सौदीने पैसा ओतला, पाकिस्तानने तळ दिले, आणि त्या युद्धाला जिहाद हे नाव मिळालं. मला आठवतं, आमच्या मोहल्ल्यात जुम्याच्या नमाजनंतर अफगाण मुजाहिदांसाठी दुआ होई आणि आम्ही पोरं मोठ्याने आमीन म्हणायचो. त्या बंदुका कुणी पुरवल्या हे कुणी विचारलं नाही. दीन आपला, मतलब दुसऱ्याचा. रशिया गेला, अमेरिकेचंही लक्ष गेलं, आणि अफगाण पोरींच्या शाळा बंद झाल्या. महासत्तांनी आपल्याला फसवलं हे अर्धंच खरं. आपल्याला फसायची हौसही होती.

मग आज करायचं काय? मी संपादक आहे, परराष्ट्रमंत्री नाही. पण काही गोष्टी जिल्ह्याच्या पातळीवर बोलता येतात.

गोठणगावातल्या तरुणांचा प्रश्न नागरिकत्वाचा आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस कायद्याने जन्मतःच भारतीय आहे, आईबाप कुठलेही असोत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी मुलीच्या बाबतीत तेच सांगितलं, निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये अशा तिबेटींची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं. तरी पासपोर्ट मागायला गेलं की निर्वासिताचं प्रमाणपत्र परत करा, वसाहत सोडा, अशा अटी पुढे येतात. म्हणजे नागरिक व्हायचं तर घर सोडायचं. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांचा वेगळा कायदाही नाही. सगळं सरकारच्या मर्जीवर. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात मुसलमान नाहीत यावर आपण रस्त्यावर उतरलो ते बरोबरच होतं. पण त्या कायद्यात तिबेटीही नाहीत, हे आपल्यापैकी किती जणांनी भाषणात सांगितलं? त्यात पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान आहेत, चीन नाही. छळाची व्याख्या देश बघून केली गेली आहे.

आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न व्हिसाचा. पाकिस्तानातल्या नातेवाइकाला व्हिसा मिळालाच तर तो ठरावीक शहरांचा, पोलिसांत हजेरी देऊन. कराचीतली भारतीय वकिलात १९९४ पासून बंद. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला निरपराध लोकांची हत्या झाली, त्यानंतर व्हिसे रद्द झाले आणि अटारीचं फाटक लागलं. तो हल्ला करणाऱ्यांना कुठलीही दयामाया नको, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पण फाटकावर त्या दिवसांत ज्या रडत उभ्या होत्या त्या बहुतेक बायका होत्या. इकडची लेक, तिकडची सून, पासपोर्ट एका देशाचा आणि पोरं दुसऱ्या देशाची. सत्तरीपुढच्या सख्ख्या भावंडांना भेटीचा व्हिसा, आजारपण आणि मौतीसाठी तातडीची परवानगी, एवढं मागणं कुठल्याही सुरक्षेला धोका नाही. हे मागायला आपण घाबरतो, कारण मागितलं की 'तिकडचे' ठरतो. मी ते इथे लेखी मागतो आहे.

अम्मी आता ब्याऐंशीची आहे. मामूंच्या मुलीचा फोन येतो, आता व्हिडिओवर दिसतेही. दोघी एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत. मागच्या आठवड्यात अम्मीने तिला ती गुलाबी ओढणी दाखवली. बहीण कराचीहून म्हणाली, रंग अजून तसाच आहे. अम्मीला ऐकू कमी येतं, तिने मला विचारलं, काय म्हणते ती? मी सांगितलं. मग दोघी बराच वेळ पावसाबद्दल बोलल्या.

पुढच्या हिवाळ्यात तिबेटी बाजार लागेल तेव्हा गोठणगावचे ते गृहस्थ येणार आहेत, त्यांच्या नातीसोबत. मतदार यादीत नाव घालण्याचा तिचा अर्ज आहे, कागद मी बघून देतो म्हटलं आहे. आपल्या वाचकांत अर्जुनी मोरगावकडचे कोणी वकील असतील तर त्यांनी कळवावं.